जुन्या शेवरोले पिकअपची चासी बदलताना : ३१००च्या कॅबखाली एस-१० कशी बसवायची

शेवरोलेच्या ‘अॅडव्हान्स डिझाइन’ पिकअप १९४७च्या जूनमध्ये बाजारात आल्या आणि १९५५च्या सुरुवातीला बंद झाल्या. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड आणि पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. १९५३पर्यंतच्या गाड्यांचा हा चेहरा अमेरिकेत गावोगावच्या शेतांवर अजून दिसतो. यातली अर्ध्या टनाची गाडी म्हणजे ३१००. माझ्याकडे आली ती १९५०ची. कॅबचा, म्हणजे पुढच्या केबिनचा, पत्रा बऱ्यापैकी धड होता. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी (पाटे अडकवायच्या ब्रॅकेटपाशी) गंजून पापुद्र्यासारखी सुटत होती. इकडे ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. सत्तर हिवाळ्यांचं मीठ लोखंडाचं काय करतं, ते स्क्रू-ड्रायव्हर चासीतून आरपार गेला तेव्हा कळलं.

अशा गाड्यांखाली १९८२ ते २००४ या काळात बनलेल्या शेवरोले एस-१० पिकअपची चासी बसवायची पद्धत इथे चांगली रुळली आहे. मीही तेच केलं. काम करताना मी एक नियम पाळला आणि हा सगळा लेख त्याच नियमावर उभा आहे : चासी कॅबला जुळवायची, कॅब चासीला नाही. कॅबला एकही नवं भोक पाडायचं नाही. कापाकापी, वेल्डिंग, ब्रॅकेट, जे काही करायचं ते खालच्या लोखंडावर.

आधी ठरवा, बदलायची गरज आहे का

मूळ चासी सरळ असेल, गंज वरवरचा असेल आणि गाडी रविवारी आसपास फिरवायची असेल, तर चासी बदलू नका. मूळ गाडीलाच चांगले ब्रेक बसवा. त्यात खर्च कमी आणि गाडीचं मोलही टिकतं.

चासी बदलण्याचं खरं कारण दोनच. एक, जुनी चासी वाचवण्यापलीकडे गेली आहे. दोन, गाडी हायवेवर रोज चालवायची आहे. मूळ ३१००ला पुढे आय-बीमचा सरळ एक्सल आणि पाटे, चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेकचं एकच सर्किट, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. मागच्या एक्सलचं गिअर-गुणोत्तर ४.११, म्हणजे हायवेच्या वेगात इंजिन जास्त फिरतं. २१६ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल पूर्ण दाबाने देत नाही, त्यामुळे ते तासन्‌तास पळवणं बरं नाही. शिवाय प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे ताकद नेणारा दांडा, बंद नळीत असतो. त्यामुळे नुसता ओव्हरड्राइव्हचा (हायवेवर इंजिन हळू फिरू देणारा) गिअरबॉक्स बदलू म्हटलं तरी मागचा एक्सलही बदलावा लागतो. एस-१०ची चासी घेतली की पुढे कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि उघडा शाफ्ट हे सगळं एकत्र मिळतं.

कागदपत्रं, कटरला हात लावण्याआधी

एस-१०च्या चासीवर तिचा स्वतःचा ओळख क्रमांक ठोकलेला असतो. ३१००ची क्रमांकाची पट्टी कॅबच्या दरवाज्याच्या खांबावर असते. जोडकाम झालेली गाडी कोणत्या क्रमांकावर नोंदवायची, याचा नियम अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वेगळा. म्हणून दोन्ही गाड्यांचे मालकीहक्काचे कागद हातात असल्याशिवाय काम सुरू करू नका. वाहन नोंदणी कार्यालयात आधी जाऊन विचारा, मिळालेलं उत्तर लेखी ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. कोणत्याही गाडीची क्रमांकाची पट्टी काढून दुसरीकडे लावू नका. तो संघीय कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला शेवरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात किंवा पेट्रोल पंपामागे जुनी शेवरोले उभी दिसली, तर नवल नाही. पण तिच्यावर हा प्रयोग करण्याआधी थांबा. भारतात गाडीची नोंद चासी क्रमांकावर चालते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे मूलभूत बदल करता येत नाहीत. २०२१च्या व्हिंटेज नियमांत तर स्पष्टच आहे : गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे चासी बदलली की व्हिंटेजचा दर्जा गेला. तिथे मूळ चासीचीच दुरुस्ती करून घेणं शहाणपणाचं.

दाता गाडी (जिची चासी वापरायची ती) कोणती घ्यायची

३१००चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, ११६ इंच. एस-१० वेगवेगळ्या लांबीत मिळते : साधी कॅब आणि छोटा हौदा (मागची माल ठेवायची जागा) असेल तर १०८.३ इंच, साधी कॅब आणि लांब हौदा असेल तर ११७.९, वाढीव कॅब असेल तर १२२.९. पहिली घेतली तर चासी कापून लांब करावी लागते, तिसरी घेतली तर जवळपास सात इंच कमी करावी लागते. मधली, ११७.९वाली शोधा. तिथे फरक फक्त १.९ इंचाचा, म्हणजे ४८ मिलिमीटरचा, आणि तो चासी न कापता भरून काढता येतो.

टू-व्हील-ड्राइव्हच घ्या. शक्यतो ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन असलेली घ्या, कारण ते लांबीला कमी आहे आणि फायरवॉलला (इंजिन आणि कॅब यांच्या मधल्या पत्र्याला) न भिडता बसतं. एस-१०मध्ये ते १९८८पासून मिळतं. मोठं व्ही-एट टाकायचा मोह आवरा. या गाडीच्या मागच्या एक्सलमधला रिंग गिअर साधारण साडेसात इंचांचा असतो, तो जोरदार व्ही-एट फार दिवस झेलत नाही.

भंगारातून नुसती चासी न आणता चालती, अपघात न झालेली पूर्ण गाडी घ्या. ती चालवून बघता येते, वायरिंग, पेडल आणि टाकी मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती आपल्या वजनावर उभी असताना मापं घेता येतात. हे का सांगतो, ते पुढे येईलच.

मापं : निम्मं काम इथेच आहे

वेल्डिंग जमतं म्हणून हे काम जमतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. वेल्डिंग शिकता येतं, वेळ पडली तर कारागीर बोलावता येतो. पण जुनी गाडी एकदा सुटी केली की तिची मापं पुन्हा मिळत नाहीत. मी पूर्ण एक आठवडा नुसती मापं घेत होतो आणि त्यातला एक तासही वाया गेला नाही.

साधनं साधी : ओळंबा, रंगीत पूड लावलेली दोरी, लांब टेप, पाण्याची लेव्हल-नळी आणि कोन मोजायचं यंत्र. माझे वडील गवंडीकाम करायचे. त्यांचा पितळी ओळंबा मी देशातून येताना आणला होता, तो या कामी आला.

गाडी सपाट फरशीवर उभी करा. चारही टायरांत हवा सारखी भरा. पुढच्या आणि मागच्या एक्सलचे मध्य काढून त्यावरून फरशीवर मधली रेघ मारा. मग एकेका जागेवरून ओळंबा सोडा आणि फरशीवर खूण करा : पुढच्या चाकांचे मध्य, मागच्या चाकांचे मध्य, कॅबच्या प्रत्येक माउंटचा बोल्ट, रेडिएटरच्या चौकटीचा माउंट, फूटबोर्डचे ब्रॅकेट, हौद्याचे पुढचे आणि मागचे बोल्ट. प्रत्येक खुणेला नाव द्या. सगळी अंतरं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मोजून वहीत लिहा. कर्णही मोजा. दोन कर्णांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर जुनी चासी आधीच वाकलेली आहे. ती वाकडी मापं नव्या चासीवर तशीच उतरवू नका.

उंचीची मापं फरशीपासून घेऊ नका, चाकाच्या मध्यापासून घ्या. नवे टायर वेगळ्या व्यासाचे असतील, तेव्हा फरशीपासूनच्या उंचीला काही अर्थ उरत नाही. मडगार्डच्या कमानीत चाक नेमकं कुठे दिसतं, यावरच या गाडीचं रूप ठरतं. चाक कमानीत एक इंच जरी पुढे-मागे झालं, तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

हेच सगळं दाता गाडीवर करा. इंजिन आत, टाकीत पेट्रोल, गाडी आपल्या वजनावर. पुढच्या खालच्या आर्मपासून (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यापासून) चासीपर्यंतचं अंतर आणि चासीचा जमिनीशी असलेला उतार नोंदवा. मी हे केलं नव्हतं. इंजिन काढलेल्या चासीवर मापं घेऊन मी कॅबचे माउंट बनवले. स्प्रिंगवर वजन नसल्यामुळे चासी दोनेक इंच वर उचललेली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इंजिन बसवल्यावर चासी खाली बसली, तिच्याबरोबर कॅब आणि मडगार्डही खाली आले, आणि स्टिअरिंग वळवलं की टायर पत्र्याला घासू लागले. चारही माउंट कापून नव्याने केले. तीन शनिवार-रविवार त्यात गेले.

यावरचा उपाय सोपा आहे. जुळणी चालू असताना पुढच्या कॉइल स्प्रिंग काढून ठेवा आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या जागी नेमक्या लांबीचा लोखंडी दांडा बोल्टने बसवा. मग सस्पेन्शन चालत्या उंचीलाच अडकून राहतं. कॉइल स्प्रिंग काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा आणि खालच्या आर्मखाली जॅक ठेवा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

कॅब उचलणे

बोल्ट काढण्याआधी कॅबला आतून आधार द्या. दोन्ही दरवाज्यांच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळी आणि एक नळी दोन्ही बाजूंना जोडणारी, एवढं पुरे. या नळ्या मी वेल्ड न करता बिजागऱ्यांच्या आणि लॉकच्या मूळ भोकांतच बोल्टने आवळल्या. आधार दिला नाही, तर फूटबोर्डाशेजारचा गंजलेला भाग झुकतो आणि नंतर दरवाजे जन्मभर लागत नाहीत. कॅबची फरशी आणि मागचे कोपरे दुरुस्त करायचे असतील, तर ते कॅब जुन्या चासीवर असतानाच उरका.

उचलायला दोन टनांचा इंजिन हॉइस्ट आणि चार माणसं लागतात. वर लटकलेल्या कॅबखाली कोणीही जाऊ नये. चासी सरकवून झाली की कॅब लगेच घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) उतरवा.

व्हीलबेस जुळवणे

एस-१०ची चासी धुऊन, घासून उघडी करा. तिचे स्वतःचे कॅब आणि हौद्याचे ब्रॅकेट रिव्हेटने ठोकलेले असतात. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने उडवा, मध्ये ड्रिल मारा, पंचने बाहेर काढा. गॅस कटरने जाळू नका, आजूबाजूचं लोखंड तापून नरम पडतं.

४८ मिलिमीटरसाठी मागचा एक्सल पुढे सरकवायचा. त्यासाठी पाट्याचा पुढचा हँगर आणि मागचा शॅकलचा (पाट्याचं मागचं हलतं टोक धरणाऱ्या दुव्याचा) ब्रॅकेट, दोन्ही बाजूंना तेवढेच पुढे न्यायचे. शॉकअॅब्सॉर्बरचे वरचे टोकही तेवढेच. नवी भोकं ड्रिलने नेमकी पाडा, ग्रेड ८चे (जास्त मजबुतीचे) बोल्ट घाला. मग तीन गोष्टी तपासा. चासी एक्सलवर कमानीसारखी उचललेली असते, तिथे एक्सल पूर्ण वर आला तरी जागा उरते ना. पेट्रोलची टाकी डाव्या बाजूला एक्सलच्या पुढे असते, तिच्यापासून एक्सल सुरक्षित अंतरावर आहे ना. आणि ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल कुठे ताणली जात नाही ना.

चासी कापायचीच वेळ आली, तर सरळ उभा काप कधीही घेऊ नका. पायरीसारखा काप घ्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या पट्टीतले जोड एकाच रेषेत येत नाहीत. आतून पट्टी द्या आणि तिची टोकं तिरकी कापा. हे काम प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. या जोडावर पुढे घरची माणसं बसणार आहेत.

वेल्डिंगआधी सफाईसाठी क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याचा अंश राहिला तर वेल्डिंगच्या उष्णतेने फॉसजिन हा विषारी वायू तयार होतो. अॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या.

कॅबचे माउंट

आता वहीतली मापं कामाला येतात. अडकवलेल्या सस्पेन्शनवर चासी उभी करा, दाता गाडीत नोंदवलेला उतार पुन्हा जुळवा. उतार महत्त्वाचा आहे. चासी नाकावर एक अंश झुकली की पुढच्या चाकांचा कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) तेवढाच कमी होतो आणि गाडी हायवेवर भरकटल्यासारखी चालते.

कॅब लाकडी ठोकळ्यांवर चासीवर ठेवा. पुढचे मडगार्ड, रेडिएटरची चौकट, बॉनेट सगळं सैल बोल्टांवर लावा. नुसत्या कॅबवर माउंट करू नका. मडगार्डच्या कमानीत चाक मधोमध आलं, दोन्ही बाजूंची अंतरं सारखी आली, दरवाज्यांच्या फटी सारख्या दिसल्या, की मगच माउंट बनवायला घ्या. मी एक रात्र गाडी तशीच ठेवली आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघितली. डावीकडे सहा मिलिमीटर चुकलं होतं.

माउंट पाच मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे करा, पेटीसारखे, खाली त्रिकोणी आधार देऊन. कॅबचं मूळ भोक, मूळ रबर, मूळ बोल्टची जागा हेच गृहीत धरून प्लेट बनते. रबराची जाडी धरायला विसरू नका. आधी फक्त टाके (ठिपक्यांसारखे छोटे वेल्ड) मारा, सगळा पत्रा काढून पुन्हा चढवून बघा, मग पूर्ण वेल्ड करा, तेही आलटून पालटून, म्हणजे चासी तापून वाकणार नाही. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि इंजिनाचा कंट्रोलर सुटा असू द्या.

एस-१०च्या चाकांमधलं आडवं अंतर ३१००पेक्षा कमी आहे, त्यामुळे चाकं मडगार्डच्या आत दडल्यासारखी दिसतात. रिमची खोली विचारपूर्वक निवडली तर हे सुटतं. रिम विकत घेण्याआधी मोजा. पाच बोल्टांचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) पावणेपाच इंचांचा आहे, जुन्या गाडीचा सहा बोल्टांचा साडेपाच. जुने रिम बसणार नाहीत.

ब्रेक आणि स्टिअरिंग

नवा बूस्टर (ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) फायरवॉलला भोक पाडून बसवणं सोपं असतं आणि बहुतेक जण तेच करतात. मी केलं नाही. मूळ गाडीत ब्रेकचं पेडल फरशीतून खाली जातं आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल ढकलणारा भाग) चासीवर असतो. तीच जागा ठेवून, चासीवर ब्रॅकेट करून छोटा बूस्टर आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवता येतो. इथे एक बारकावा आहे. मास्टर सिलिंडर खाली असल्यामुळे कॅलिपरमधलं ऑइल परत वाहून येऊ शकतं. म्हणून डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह, घाला. मास्टर सिलिंडरमध्ये आधीच असा व्हॉल्व्ह आहे का, ते बघून घ्या. ब्रेकचे पाइप नवेच टाका, जुना एकही नको.

एस-१०चा स्टिअरिंग बॉक्स एक्सलच्या पुढे असतो. कॉलमपासून तिथपर्यंत शाफ्ट न्यायला बहुधा तीन क्रॉस (शाफ्टला कोनात वळवणारे जोड) लागतात. तीन लागले तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट लटपटतो. कोणताही क्रॉस ३५ अंशांपेक्षा जास्त वाकवू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवून झाल्यावरच शाफ्टची लांबी ठरवा.

पेट्रोल, वीज, शाफ्ट

१९४९पासूनच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी सीटमागे, कॅबच्या आतच असते. ती काढून एस-१०चीच टाकी वापरा. पेट्रोलचा पंप त्यातच असतो आणि टाकी माणसांपासून दूर राहते. जुना काटा ० ते ३० ओहमचा, एस-१०चा सेन्सर ० ते ९० ओहमचा. मध्ये जुळवणारं सर्किट लावा, नाहीतर काटा खोटं सांगेल.

जुनी गाडी ६ व्होल्टची, नवी १२ची. दिवे, वायपर, हीटरची मोटर, सगळं १२ व्होल्टवर आणा. जुन्या कापडी वायरिंगचा एक इंचही ठेवू नका.

प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडी पूर्ण वजनावर उभी राहिल्यावरच मोजायची. गिअरबॉक्सच्या बाजूला साधारण २५ मिलिमीटर सरकायला जागा ठेवायची. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या एक्सलचं पिनियन (शाफ्ट जिथे जोडतात तो छोटा गिअर) एकमेकांना समांतर हवेत आणि प्रत्येक क्रॉसवरचा कोन एक ते तीन अंशांत हवा. नाहीतर ताशी पन्नास मैलांच्या पुढे सीट थरथरते.

हौदा

हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या आणि मध्ये लोखंडी पट्ट्या असतात. एस-१०च्या चासीची मागची कमान जुनीपेक्षा उंच असते, त्यामुळे फळ्या थोड्या वर घ्याव्या लागतात. आडव्या तुळयांखाली ठोकळे देऊन हे जमतं. बाजूचा पत्रा मूळ उंचीलाच ठेवा. पेट्रोलचं तोंड मी फळीत झाकणाखाली ठेवलं, त्यामुळे बाजूच्या पत्र्याला भोक पडलं नाही.

रस्त्यावर

आधी घराच्या आवारात, दहा मैलांच्या वेगाने, नुसते ब्रेक तपासा. मग अलाइनमेंट करून घ्या. ती करणाऱ्याला एस-१०चे आकडे लागू होतात हे सांगा, तो गाडीकडे बघून १९५०चे शोधत बसेल. पहिल्या ५० मैलांनंतर आणि पुन्हा ५०० मैलांनंतर चासीवरचा प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, आणि दरवाज्यांच्या फटी वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. माझ्या गाडीची उजवीकडची फट ५०० मैलांनंतर दोन मिलिमीटरने वाढली होती. मागचं रबर दबलं होतं, एक वायसर घातल्यावर जागेवर आली.

मूळ चासी मी भंगारात दिलेली नाही. ती गॅरेजमागे ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली आहे. तिचा कुजलेला मागचा भाग कधीतरी नवा करायचा आहे. कॅबची सगळी भोकं मूळची आहेत, त्यामुळे पुढे कोणाला ही गाडी पुन्हा तिच्या चासीवर बसवावीशी वाटली, तर पाना लागेल, कटर लागणार नाही. मापांची वही सीटखाली ठेवली आहे.